'पॉश'ची बोट मुंबईला कधी लागलीच नाही

'इंग्रजी शब्दांमागची थक्क करणारी गुपितं' अशा थाटाचा एक फॉरवर्ड घराघरांतल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. इंग्रजीतले जुने, चमत्कारिक शब्द म्हणजे आद्याक्षरांची जुळवाजुळव किंवा विस्मृतीत गेलेले कायदे, असा त्याचा सूर. असले दावे तपासायची रीत साधी आहे. शब्द लेखी स्वरूपात सर्वांत आधी कधी सापडतो, आणि तेव्हा तो कसा लिहीत, एवढं बघायचं. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून याच पद्धतीने छापला गेला, प्रत्येक अर्थाखाली सनावार उतारे देऊन.

आधी 'पॉश', कारण त्यात मुंबई आहे. दावा असा : इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर बडे लोक येताना डाव्या अंगाची आणि परतताना उजव्या अंगाची केबिन घेत, म्हणजे ऊन लागत नसे. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर उमटवलेली असत. उन्हाचं गणित तसं पटण्यासारखं आहे. पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेची, म्हणजे सावलीची. बॅलार्ड पियरवर उतरणारे गोरे साहेबही लगेच डोळ्यांपुढे येतात. फक्त तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, आणि कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. ही आद्याक्षरांची कथा छापात दिसते ती १९३५ मध्ये, लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'ला आलेल्या एका पत्रात. शब्द मात्र त्याआधीपासून वापरात होता. 'पंच' साप्ताहिकाच्या सप्टेंबर १९१८ च्या एका व्यंगचित्रात हवाई दलातला तरुण अधिकारी तो आपल्या आईसमोर सहज बोलून जातो. त्याही मागे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीत 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा माणूस. आणि १८३० च्या सुमारास 'पॉश' म्हणजे चिल्लर पैसे. हा पैशांचा अर्थ रोमानी, म्हणजे जिप्सींच्या भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आला, असं सांगतात. पैशांवरून थाटामाटापर्यंत शब्द कसा पोचला, याबद्दल कोशकार सावधच आहेत. रोमानी ही मुळात भारतातून गेलेली भाषा, तेव्हा हिंदुस्थानाशी नातं निघालंच तर ते त्या वाटेने निघेल. तिकिटाच्या वाटेने नाही.

बाकीची आद्याक्षरं झटपट उरकता येतील. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची पहिली अक्षरं? चार दिशांची ही अक्षरं कुणीही सलग त्या क्रमाने म्हणत नाही, ही शंका तरी यायला हवी होती. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द तीन-चार निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिलेला मिळतो. आद्याक्षरांचं स्पेलिंग असं सैल राहील कसं? 'गोल्फ' म्हणजे 'फक्त पुरुष, स्त्रियांना मज्जाव'? स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये फुटबॉलबरोबर गोल्फवर बंदी घातली, ती तरुण पोरं तिरंदाजीचा सराव सोडून खेळत बसतात म्हणून. स्त्रियांचं म्हणाल, तर स्कॉटलंडची राणी मेरी हिच्यावर १५६७ मध्ये नवऱ्याच्या खुनानंतर लगेच गोल्फ खेळल्याचा ठपका तिच्या शत्रूंनी ठेवला होता. 'टिप' म्हणजे 'तत्पर सेवेची हमी' अशा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं? तो तर सतराव्या शतकातल्या चोरट्यांच्या बोलीतला 'दे' या अर्थाचा शब्द. आद्याक्षरांपासून शब्द घडवायचा सोस खरा वाढला तो विसाव्या शतकात, महायुद्धांच्या काळात. रडार हे त्याचं अस्सल उदाहरण.

'रूल ऑफ थंब'चा दावा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची मुभा इंग्लंडच्या कायद्यात होती, त्यावरून हा वाक्प्रचार आला, असं सांगतात. वाक्प्रचार 'अंदाजाने, सवयीने केलेलं काम' या अर्थाने सतराव्या शतकातच छापलेला आहे. १६९२ च्या तलवारबाजीवरच्या एका पुस्तकात तो शास्त्रशुद्ध कौशल्याच्या विरुद्ध अर्थाने येतो. आपण अंगुळं मोजतो तसं अंगठ्याने माप घेण्याशीच तो जुळतो. न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांनी तसा निवाडा दिल्याची वदंता १७८२ मधली. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी त्यांना काठ्यांच्या मोळ्या घेतलेले 'जज थंब' म्हणून रेखाटलंही. पण असा निवाडा नोंदींत सापडत नाही. म्हणून मारहाणीला कायद्याचा आधार नव्हता, असं मात्र कुणी समजू नये. नवऱ्याने बायकोला 'माफक शिक्षा' करण्याच्या जुन्या हक्काचा उल्लेख ब्लॅकस्टोन यांच्या कायद्यावरच्या ग्रंथात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एक-दोन न्यायालयांनी अंगठ्याच्या जाडीचा तो नियम ऐकीव म्हणून का होईना उद्धृत केला. अन्याय खरा होता. वाक्प्रचाराची त्याच्याशी घातलेली सांगड तेवढी खोटी.

शेवटचा दावा जुन्या थाटाच्या दुकानांवरच्या 'यी ओल्ड' पाट्यांचा, म्हणजे 'द ओल्ड'मधला 'द' जिथे 'वाय'ने लिहिलेला असतो त्यांचा. पूर्वी 'द'ला म्हणे 'यी' म्हणत. कुणीच म्हणत नसे. जुन्या इंग्रजीत 'थ'च्या ध्वनीसाठी 'थॉर्न' नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. हस्ताक्षरात ते हळूहळू 'वाय'सारखं दिसू लागलं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, पण खिळे युरोपातल्या घडणीचे, त्यांत थॉर्न नव्हतंच; मग छापखान्यांत गरजेला 'वाय'चा खिळा बसवायची रीत पडली. लिहीत एक, वाचत 'द'च. गोंधळ वाढतो तो 'तुम्ही' या अर्थाचा अस्सल 'यी' त्याच काळात नांदत होता म्हणून. त्याचा उच्चार खरोखरच 'यी' होता, आणि १६११ च्या बायबलच्या भाषांतरात तो पानोपानी आहे. दुकानाच्या पाटीवरचा 'यी' तो नव्हे.