साहेबांचे सात प्रश्न

नाना कट्ट्यावर टेकायच्या आधीच खिशातून कार्ड काढतात, हे आता सगळ्यांना पाठ आहे. या वेळचं कार्ड गुळगुळीत कागदावर छापलेलं. खासदार साहेबांचा फोटो, हजेरीची टक्केवारी, एकूण प्रश्नांचा तीन आकडी आकडा आणि खाली ठळक अक्षरांत: ‘मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी संसदेत सात प्रश्न!’ उद्गारचिन्ह नानांनीच घालायला लावलं असणार, असं मास्तर म्हणाले. नानांनी ते नाकारलं नाही.

“वाचा. खासदाराला नावं ठेवणारे सगळे वाचा. सात! दुसऱ्या कुणी विचारलेत ते दाखवा.”

“दाखवते,” ताई म्हणाल्या. “तुमचे साहेब सहाव्या प्रश्नात अकराव्या नंबरवर आहेत. त्यांच्या आधी दहा, नंतर चार. पंधरा खासदार, एकच प्रश्न, स्वल्पविरामसुद्धा तोच.”

“म्हणजे?”

“म्हणजे मजकूर एके ठिकाणी तयार होतो आणि पंधरा जणांच्या नावानं सूचना जातात. सचिवालय सारखे प्रश्न एकत्र करतं, उत्तर एकच येतं, पण मोजताना प्रत्येकाच्या खात्यात एकेक प्रश्न जमा होतो. सातांपैकी चार असे आहेत. सातही उत्तरं संसदेच्या साइटवर पडलीत, नाना. वाचलीत का तुम्ही?”

“मी कार्ड वाचलं.”

बाळूला हसू आवरेना. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या अशा वेळी आवाज चढवत नाहीत, फोन समोर धरतात. सातही उत्तरांच्या फायली उघडून ठेवलेल्या होत्या.

“तारांकित किती?” मास्तरांनी विचारलं.

“एक. तोही त्या दिवशी अठरावा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित लागतात आणि २३० अतारांकित, म्हणजे नुसत्या लेखी उत्तराचे. तारांकिताला मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला उपप्रश्न करता येतो, तिथे मंत्र्याला हातातला कागद सोडून बोलावं लागतं. पण प्रश्नोत्तराचा तास एकच, अकरा ते बारा. क्रम सोडतीनं ठरतो. अठराव्या नंबरपर्यंत गाडी पोचत नाही, मग त्याचंही उत्तर लेखीच पटलावर जातं. यात साहेबांचा दोष नाही. दोष पुढे आहे. सातही प्रश्न त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान खात्याला घातलेत.”

“मग? इंटरनेट त्यांच्याकडेच ना?”

“विचारलंय काय ते बघा. ‘मुलांवरच्या ऑनलाइन गुन्ह्यांची गेल्या तीन वर्षांतली राज्यवार आकडेवारी काय आणि सरकार कोणती पावलं उचलत आहे?’ आकडे एनसीआरबीचे, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे, म्हणजे गृहखात्याचे. त्यांचा लोकसभेत उत्तरं द्यायचा दिवस मंगळवार. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, महिला आणि बालविकासकडे, त्यांचा शुक्रवार. माहिती तंत्रज्ञानाचा बुधवार. चुकीच्या दारात विचारलं की उत्तर ठरलेलं. पहिल्या परिच्छेदात ‘खुलं, सुरक्षित, विश्वासार्ह आणि उत्तरदायी इंटरनेट’, दुसऱ्यात ‘पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत’, तिसऱ्यात मुलांचं लैंगिक साहित्य ऑनलाइन पसरवण्याविरुद्धचं आयटी कायद्याचं कलम ६७-ब, शेवटी हेल्पलाइन. सातही उत्तरांत हेच आहे, फक्त क्रम बदलून.”

“आकडे तरी दिलेत की नाही?”

“दिलेत, पण शिळे. एनसीआरबीचा २०२३ चा अहवाल बाहेर आला २०२५ च्या सप्टेंबरअखेर. त्यामुळे ‘गेल्या तीन वर्षांत’ असं लिहिलं की हातात येतात ती कधीच सरून गेलेली तीन वर्षं. आणि छापून आलेल्या कागदांत जे मिळतं ते प्रश्नात विचारू नये, असा तर नियमच आहे. अहवाल उघडून जे दिसतं त्यासाठी प्रश्न कशाला खर्ची घालायचा?”

नाना जरा वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग ठेवणीतलं वाक्य काढलं: “सत्तेतल्या माणसानं आपल्याच सरकारला प्रश्न विचारायला धाडस लागतं.”

“प्रश्नाला नाही लागत, नाना. उपप्रश्नाला लागतं.”

यावर मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मास्तर आणि नाना चाळीस वर्षांचे मित्र, त्यामुळे एकाची फजिती ही दुसऱ्याची हक्काची करमणूक.

“प्रश्न राहू दे,” मास्तर म्हणाले. “मत काय दिलं ते सांग. माणूस मतावरून कळतो.”

“मत सापडणारच नाही,” ताई म्हणाल्या. “डेटा संरक्षणाचं विधेयक घ्या. त्याच्या कलम ९ मध्ये मुलांचं सगळं आहे. अठरा वर्षांखाली पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. लोकसभेत मंजूर झालं ७ ऑगस्ट २०२३ ला, राज्यसभेत ९ ऑगस्टला. दोन्हीकडे आवाजी मतदान. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी गोंधळात मंजूर, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. पुन्हा आवाजी. ६७-ब हे कलम ज्या दुरुस्तीनं आलं, ती डिसेंबर २००८ मध्ये चर्चेविनाच मंजूर झाली. कोण ‘होय’ म्हणालं, कोण ‘नाही’, कोण बाहेर उभं होतं, कुठेच नोंद नाही.”

“म्हणजे जास्त ओरडेल तो जिंकला?” बाळूनं विचारलं.

मास्तर एकदम ताठ बसले. “थांबा. हे मी कुठेतरी पाहिलंय. नाना अंपायर होता तेव्हा.”

“बॅटची कड लागली होती!” नाना.

“पॅडला लागला होता चेंडू. तू अपिलाचा आवाज ऐकलास आणि बोट वर केलंस.”

“अकरा जण ओरडत होते. ‘नाही’ म्हणणारा तू एकटा.”

“तेच तर. आवाजी मतदान!”

त्या सामन्याचा निकाल कट्ट्यावर अजून लागलेला नाही आणि लागेल असं दिसत नाही. दहा मिनिटं त्यातच गेली. कुणी विटेचा स्टंप काढला, कुणी अर्धवट राहिलेली वर्गणी काढली. शेवटी ताईंनीच गाडी रुळावर आणली.

“मास्तर, तुम्ही सभागृहात असता तर मतविभाजन मागता आलं असतं. अध्यक्षांनी आवाजावरून कौल दिला की त्याला सदस्यानं तिथल्या तिथे आक्षेप घ्यायचा. मग लॉबी मोकळ्या करतात, साडेतीन मिनिटं थांबतात, प्रस्ताव पुन्हा मताला टाकतात. तरी आक्षेप राहिला की बटणं: हिरवं ‘होय’, लाल ‘नाही’, पिवळं तटस्थ. मग नावानिशी यादी कामकाजात छापून येते. यात एक खाच आहे. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. तिथे आकडा मिळतो, नावं नाहीत.”

“व्हिप असतो, ताई, पक्षाचा हुकूम!” नानांना पुन्हा जोर आला. “व्हिप मोडला तर खासदारकी जाते.”

“जाते, राज्यघटनेची दहावी अनुसूची आहे, पक्षांतरबंदीची. म्हणून तर नुसत्या मताच्या नोंदीवर मी विसंबत नाही. नोंद असती तरी तीत साहेब कमी आणि पक्ष जास्त दिसला असता. व्हिप येतो मतदानाच्या वेळी. चर्चेत कलम ९ वर दोन मिनिटं बोलायला साहेबांना कुणी अडवलं होतं? स्थायी समितीच्या बैठकीला जायला? समितीच्या अहवालामागे इतिवृत्तं जोडलेली असतात, कोण हजर होतं ते नावानं लिहिलेलं असतं. तिथे शोधा साहेबांना. पक्ष सोडून काम करता येतं की. राज्यसभेनं जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, चौदा सदस्य, वेगवेगळ्या पक्षांचे. जानेवारी २०२० मध्ये चाळीस शिफारशी दिल्या, सगळ्या याच विषयावर. साहेबांच्या सात प्रश्नांत ‘त्या चाळिसांपैकी किती अमलात आल्या’ हा एक प्रश्न नाही.”

“खासगी विधेयक मांडलंय त्यांनी.”

“मांडलंय, आणि मनापासून सांगते, त्याचा मसुदा सातही प्रश्नांपेक्षा चांगला आहे. ते कार्डावर टाका. फक्त ‘कायदा आणला’ असं छापू नका. खासगी सदस्याचं विधेयक शेवटचं संमत झालं १९७० मध्ये, आणि आजवरची सगळी मिळून चौदा.”

मास्तरांचा धीर सुटला. “हे कलम, ती खाच, ते इतिवृत्त! सरळ बंदी घाला. ऑस्ट्रेलियानं घातली.”

“सोळा वर्षांखाली, १० डिसेंबर २०२५ पासून,” ताई म्हणाल्या. “आणि दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापाला नाही.”

बाळू मोबाइल दुरुस्तीतला माणूस. इतका वेळ गप्प होता. “मास्तर, आपल्याकडे पोराच्या हातात फोन कुणाचा असतो? बापाचा. खातं बापाचं, जन्मसाल बापाचं. कंपनीला दिसतो चाळिशीतला माणूस, जो रात्री अकराला कार्टून बघतो. बंदी लागणार कुणाला?”

“हाच खरा प्रश्न आहे,” ताई म्हणाल्या. “नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षणाचे नियम आले. संमतीचा नियम त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचा आहे. त्यातलं पहिलंच उदाहरण असं की मुलगी कंपनीला आपणहून सांगते, मी लहान आहे. मग कंपनीनं आईबापाची ओळख पडताळायची, हवं तर डिजिलॉकरसारख्या ठिकाणच्या टोकनवरून. पण जी सांगतच नाही तिचं काय? साहेबांना विचारायला केवढी जागा होती इथे.”

मग बाळूनं जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहितो, कारण ते कार्डावर नाही आणि उत्तरांतही नाही. मुलाला त्याच्या नग्न फोटोवरून कुणी धमकावत असेल तर घरचे आधी चॅट डिलीट करतात आणि खातं ब्लॉक करतात. पुरावा तिथेच जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘बघा काय चाललंय’ म्हणून तो फोटो नातेवाइकांना पाठवतात, आणि मुलाचा तसा फोटो पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. युझरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ आणि धमकीच्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्यायचा. फोटोचा घ्यायचा नाही. सायबरक्राइम पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, मुलांसाठी १०९८. शिवाय ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सोय आहे. तिच्यात फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा आकडे-अक्षरांचा ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्याकडे शोधून काढून टाकतात.

“आणि त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणायचं नाही,” ताईंनी जोड दिली. “सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात तो शब्द टाळायला सांगितलंय. ते मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आहे. साहेबांच्या त्यानंतरच्या दोन प्रश्नांत जुनाच शब्द आहे, नाना.”

नाना खरंच विचारात पडलेले दिसले. कार्ड उलटं करून त्यांनी ताईंपुढे ठेवलं. पाठ कोरी होती. “लिहा तुम्ही. रविवारी साहेब भेटणार आहेत. मी देतो हातात.”

ताईंनी पेन घेतलं. पत्ता पहिल्यांदा: गृहमंत्री, म्हणजे मंगळवार. सूचना निदान पंधरा पूर्ण दिवस आधी. मग मजकूर:

“(क) २०१९ च्या करारानुसार अमेरिकेतील एनसीएमईसी या हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून एनसीआरबीला मिळालेल्या, मुलांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाबाबतच्या किती सूचना प्रत्येक राज्याकडे पाठवण्यात आल्या, (ख) त्यांपैकी किती सूचनांवर एफआयआर नोंदवण्यात आला, (ग) सूचना राज्याकडे पोचल्यापासून एफआयआरपर्यंत सरासरी किती दिवस लागले, (घ) ही माहिती केंद्राकडे संकलित होत नसल्यास त्याची कारणे काय?”

“(घ) सगळ्यात महत्त्वाचा,” त्या म्हणाल्या. “‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ ही पळवाट तिथे बंद होते. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. साहेबांच्या तिसऱ्या उत्तरात असंच एक आश्वासन आहे. त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.”

“त्यांना हे कुणी सांगितलंच नसेल,” नाना हळूच म्हणाले.

“म्हणून तर तुमच्या हाती देतेय.”

मास्तरांनी पेन मागून घेतलं. त्यांना (ङ) घालायचा होता. सुरुवात ‘हे खरे आहे काय की’ अशी, विधानसभेच्या थाटात. मग मूल्यशिक्षण आलं, वाचनालयं आली, मैदानं आली. कार्डाची पाठ भरली, मास्तर समासात उतरले. बाळूनं बोट ठेवून शब्द मोजले.

“अख्ख्या प्रश्नाला मर्यादा किती, ताई?”

“दीडशे शब्द.”

“मास्तरांचे एकट्याचे दोनशे बारा.”

“ही नुसती प्रस्तावना आहे!” मास्तर म्हणाले.

“काढावा,” बाळू उभा राहिला. “मताला टाकू. अध्यक्ष नाना. मास्तरांचा भाग वगळावा या बाजूचे?”

सगळा कट्टा ओरडला.

“विरुद्ध?”

“नाही!” मास्तर एकटेच. “आणि मी मतविभाजन मागतो! ताई, सांगा याला, साडेतीन मिनिटं थांबावं लागतं!”

नानांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा ओरडणाऱ्यांकडे, आणि सावकाश बोट वर केलं.