मावशी, तो फॉरवर्ड डिलीट कर

सकाळी मावशीने घरच्या ग्रुपवर भलामोठा फॉरवर्ड टाकला. 2016 ला अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचं हॅकिंग झालंच नाही, आतल्याच एका पोराने ईमेल काढून विकिलीक्सला (गुपितं बाहेर काढणारी वेबसाइट) दिले म्हणून त्याला मारलं, सर्व्हर युक्रेनमध्ये लपवलाय, आणि एवढा पैसेवाला पक्ष, त्यात बाहेरचा शिरेलच कसा. मावसभावाने न्यूजर्सीहून पाठवलं म्हणून तिला खरं वाटलं.

आधी त्या पोराचं, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय. 27 वर्षांचा होता, पक्षात नोकरीला, 10 जुलै 2016 च्या पहाटे वॉशिंग्टनमध्ये रस्त्यात गोळ्या घातल्या त्याला. म्युलर रिपोर्ट, म्हणजे त्या निवडणुकीतल्या रशियाच्या ढवळाढवळीचा अमेरिकन सरकारी तपास अहवाल, उघडून तारखा बघा ना. रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी, म्हणजे जीआरयूने, विकिलीक्सला एन्क्रिप्टेड फाइल मेल केली 14 जुलैला, आणि मिळाली असं विकिलीक्सने कळवलं 18 ला. तोपर्यंत तो मुलगा जाऊन आठवडा झाला होता! फॉक्स न्यूजने 2017 च्या मे महिन्यात हीच स्टोरी चालवली आणि आठवडाभरात मागे घेतली, आईवडिलांना पोराचं दुःख बाजूला ठेवून कोर्टात जावं लागलं, आणि आपण अजून तेच पुढे ढकलतोय.

सर्व्हर एक नव्हताच. पक्षाने स्वतः कोर्टात सांगितलंय की 140 च्या वर सर्व्हर बंद करावे लागले. हॅकिंगचा तपास करणारी क्राउडस्ट्राइक अमेरिकेची कंपनी, तेव्हा कॅलिफोर्नियात होती, युक्रेनची नाही. हां, एफबीआयने मशीन ताब्यात घेतल्या नाहीत हे खरंय, पण त्या मशीनच्या डिस्कच्या कॉप्या एफबीआयला मिळाल्या होत्या.

आता पैशाचं. पैसा होता, पण सिक्युरिटीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, एवढं मान्य करावं लागेल. सप्टेंबर 2015 मध्ये एफबीआयच्या एजंटने हॅकिंगचा इशारा द्यायला पक्षाला फोन केला तर तो थेट हेल्पडेस्कला जोडून दिला, आणि तिथल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या आयटीवाल्याला वाटलं कोणीतरी थापा मारतंय. एजंट परत परत फोन करत राहिला, आणि बाहेरची कंपनी आली ती थेट पुढच्या वर्षी. पक्षाच्या तेव्हाच्या उमेदवार हिलरी क्लिंटनच्या प्रचारप्रमुखाचं, जॉन पोडेस्टाचं, अकाउंट तर गूगलच्या नावाच्या एका खोट्या मेलवर गेलं, 50,000 च्या वर ईमेल चोरीला. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं, असतं तर नुसत्या पासवर्डवर एवढं सहज उघडलं नसतं. फक्त सिक्युरिटी बघणारा मोठा अधिकारी, बॉब लॉर्ड, पक्षाने नेमला तो 2018 मध्ये.

मावशी, ग्रुपवरून काढ तो मेसेज, आणि दादालाही सांग.