ब्रेक स्विचच्या वायरी जोडून टाका म्हणे!

"बाइकच्या मागच्या ब्रेकचा स्विच गेलाय? गॅरेजवाल्याला पैसे देऊ नका. दोन्ही वायरी सोला, पीळ मारा, टेप गुंडाळा. लाइट कायम चालू राहील, मागच्याला तुम्ही जास्तच दिसाल. पुढच्या ब्रेकचा स्विच आहेच. आणि नवीन स्विच बसवलाच, तर वायरी उलट्या लावू नका, जळेल." हा मेसेज आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला आणि का कोण जाणे, योगासनांच्या ग्रुपवरही आला.

आधी 'जास्तच दिसाल'. बऱ्याच बाइकच्या मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॅटची टेललाइटची आणि 21 वॅटची ब्रेकची. मागून येणाऱ्याला आपण थांबतोय हे कळतं, कारण उजेड एकदम वाढतो. तो कायमच वाढलेला असेल तर त्याला काय कळणार? शिवाय 21 वॅट म्हणजे 12 व्होल्टला पावणेदोन अँपिअर. छोट्या बाइकची बॅटरी जेमतेम 3-4 अँपिअर-तासांची. सिग्नलला इंजिन मंद चालत असताना हा जादा भार तिच्याच अंगावर.

पुढच्या स्विचचा दिलासा तर मेसेजनेच स्वतः मारून टाकलाय. पुढचा आणि मागचा स्विच समांतर जोडलेले असतात, दोघांतला कुठलाही दाबला की दिवा लागतो. मागच्या वायरी कायमच्या जोडल्या, की दिवा कायम लागलेला. मग पुढची लिव्हर दाबा नाहीतर सोडा, फरक शून्य.

वायरी उलट लावल्या तर जळेल, हेही खोटं. हा साधा दोन टोकांचा स्विच आहे, त्याला प्लस-मायनस नाही. एका टोकाला चावी ऑन केल्यावर करंट येतो, दुसऱ्यातून तो बल्बकडे जातो. अदलाबदल झाली तरी चालतं. जळतं ते दुसऱ्याच चुकीने. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये, म्हणजे जुन्या हिरो होंडातही, काळी वायर प्लसची, हिरवी अर्थिंगची (म्हणजे मायनसची) आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली ब्रेकलाइटची. घरातल्या वायरिंगच्या सवयीने काळीला न्यूट्रल समजून कुणी ती साध्या हिरवीला जोडली, की चावी फिरवताच फ्यूज गेला. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, तेव्हा रंगावर विसंबण्यापेक्षा टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून बघावं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र अर्धी बरोबर आहे. वायरी जोडून बघणं ही तपासणी म्हणून उत्तम. चावी ऑन करून पुढचा ब्रेक दाबा. दिवा लागला म्हणजे बल्ब आणि फ्यूज ठीक. मग मागच्या स्विचचा जोड काढून वायरिंगकडच्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना टेकवा. लागला, तर स्विचमध्ये दोष. नाही लागला, तर वायर कुठेतरी तुटलीय, नवा स्विच आणून उपयोग नाही.

पीळ-टेपचं तर बोलायलाच नको. ही जागा पायापाशी, चिखलाची. एका पावसाळ्यात टेप सुटते आणि आत तांब्याला हिरवं किटण चढतं. नव्या स्विचला बहुधा बुलेट टर्मिनल किंवा कपलर (वायरी एकमेकींत खोचायची तयार जोडणी) येतोच. नसेल तर सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, गरम केली की आवळून बसणारी. वायर सायलेन्सरपासून लांब बांधायची.

आणि बसवल्यावर खरं काम उरतं ते ॲडजस्टिंगचं, मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही. आधी पेडलचं प्ले (ब्रेक धरण्याआधी पेडल जितकं मोकळं हलतं ते) नीट करून घ्या, मग स्विचचं. स्विच फ्रेमच्या पट्टीत आटे असलेल्या नटावर बसतो, खाली स्प्रिंग पेडलला अडकवलेली. बॉडी हाताने धरून फक्त नट फिरवायचा. बॉडी फिरली की वायरींना पीळ बसून त्या मुळाशी तुटतात. स्विच वर घेतला की दिवा लवकर लागतो, खाली नेला की उशिरा. पेडलचं मोकळं प्ले संपून ब्रेक धरायच्या किंचित आधी लागला पाहिजे. चेन ताणली की हे सगळं पुन्हा बघावं लागतं, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकचं प्लेही बदलतं.

गेल्या पावसाळ्यात भाच्याने असाच पीळ मारून आणलेली गाडी माझ्याकडे आली. नवा स्विच आणायला निघण्याआधी जुना सहज दाबून बघितला. ठणठणीत होता. खालची स्प्रिंग तेवढी पेडलवरून निसटली होती.