एक्सपोर्ट मारा, पण नीट मारा!

कोल्हापूरचं उद्यमनगर असो की शिरोली एमआयडीसी, ओरॅकल डेटाबेसमधला डेटा फायलीत काढताना (म्हणजे एक्सपोर्ट करताना) डिस्क भरली की तीच बोंब: "कंट्रोल-सी मारला की, तरी एक्सपोर्ट थांबंना!" अहो, थांबंल कसा? हे काम करणारा ओरॅकलचा डेटा पंप तुमच्या खिडकीत नाही, सर्व्हरवर चालतो. कंट्रोल-सीनं फक्त लॉग दिसायचा थांबतो आणि समोर 'एक्सपोर्ट>' येतं. तिथंच किल_जॉब ही कमांड टाकून यस म्हणा की! खिडकी बंद केली असली तर डीबीए_डेटापंप_जॉब्स या यादीत जॉबचं (म्हणजे त्या चालू कामाचं) नाव बघा, त्याला अटॅच व्हा म्हणजे परत जोडून घ्या, मग किल_जॉबनं मारा. डम्प फायली, म्हणजे डेटा ज्यात उतरत होता त्या फायलीही किल_जॉबच पुसतो. पण नाही, थेट सर्व्हरच्या प्रोसेसवर किल -९, म्हणजे जबरदस्तीनं मारायची कमांड! मग सिस_एक्सपोर्ट_स्कीमा_०१ असलं जॉबची नोंद ठेवणारं टेबल मागं राहून जॉब यादीत 'नॉट रनिंग' म्हणत लोंबकळतो, अर्धवट डम्प जागा अडवून बसतो, आणि टेबल अन् डम्प दोन्ही आपल्याच हातानं साफ करत बसायचं. तोच जॉब उद्या पुढं चालवायचा असंल तर किल नको, स्टॉप_जॉब द्या.