‘आधी खालच्या वर्गात बसा’ असं सांगणाऱ्यांना

गेल्या रविवारी माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात आली, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "ताई, मी नाही जात कॉलेजला. हे वाच."

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज होता तो. मी तो आधीही दोन-तीन ठिकाणी पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता घरात येऊन पोचला, म्हणून लिहिते आहे.

जाऊ चौतीस वर्षांची. नागपूरला बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि लग्न करून इकडे कॅलिफोर्नियात आली. तेरा वर्षांनी धीर करून तिने कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा, अर्ज भरला, अकाउंटिंग शिकायचं म्हणून. दोन महिने ती या एका गोष्टीसाठी झटत होती आणि वीस ओळींच्या मेसेजने ती माघारी फिरली.

मेसेज म्हणतो: कम्युनिटी कॉलेजच्या प्लेसमेंट टेस्टमध्ये नापास झालात तर प्रवेश मिळत नाही. कंपास परीक्षेत ७० च्या वर गुण लागतात. टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते. भारतातली दहावी-बारावी इथे कोणी धरत नाही, त्यामुळे टेस्टला पर्याय नाही. तयारी केल्याशिवाय टेस्टला बसू नका. आणि सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे, गणित आणि इंग्रजीच्या सगळ्यात खालच्या वर्गात नाव घाला. पाया पक्का होतो आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) चढतो. तळाला एका क्लासची जाहिरात आणि फी.

आधी कंपास, कारण मेसेज किती शिळा आहे ते त्यावरून कळतं. कंपास ही एसीटी कंपनीची परीक्षा होती आणि ती २०१६ साली बंद झाली. विद्यार्थ्याला योग्य वर्गात बसवायला ही परीक्षा आता पूर्वीइतकी उपयोगी पडत नाही, असं कंपनीनेच तेव्हा जाहीर केलं होतं. जी परीक्षा कोणी घेतच नाही, तिच्यात ७० गुण मिळवायला आपली माणसं पैसे भरणार. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकानेही ‘कंपास’ हा शब्द शोधून पाहिला नाही.

नापास झाल्यावर प्रवेश नाही, हे तर साफ खोटं. कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं असतं, तीच त्याची ओळख. प्लेसमेंट टेस्ट प्रवेश ठरवत नाही, प्रवेश मिळाल्यावर पहिला वर्ग कोणता ते ठरवते. आजही अनेक राज्यांत चालते ती एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची ॲक्युप्लेसर ही टेस्ट. तिच्यात प्रत्येक विभागाला २०० ते ३०० यांच्यामध्ये आकडा मिळतो, पास-नापास असा शिक्का नसतो. वेळेचं बंधन नसतं. एक उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की सोपा येतो. प्रश्न अवघड होत चालले म्हणून घाबरून उठून येणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता खरा मुद्दा. ‘सगळ्यात खालच्या वर्गात बसा, पाया पक्का होतो.’ बाकीच्या थापांनी माणूस घाबरतो, या एका सल्ल्याने त्याची वर्षं जातात. माझं एक गेलं आहे.

२००९ साली मी इथल्याच एका कॉलेजात टेस्ट दिली. गणित मला कधीच अवघड नव्हतं. पण पडद्यावर पहिल्याच काही प्रश्नांत क्वार्टर आणि डाइम आले: अमुक इतकी नाणी, एकूण रक्कम इतकी, डाइम किती? समीकरण मांडायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं, पण डाइम म्हणजे किती सेंट हेच मला ठाऊक नव्हतं. देशात येऊन तीन आठवडे झाले होते. पुढचा प्रश्न फूट आणि इंचांचा. टेस्ट संपली तेव्हा कागदावर आलं की मी कॉलेजच्या गणिताच्या दोन पायऱ्या खाली आहे. समुपदेशक बाई प्रेमाने म्हणाल्या, घाई करू नकोस, पाया पक्का कर. मी दोन सत्रं अशा वर्गांत बसले जिथे अ अधिक ब कंसाचा वर्ग फळ्यावर सोडवून दाखवत होते. तो मी आठवीत सोडवला होता. माझ्या शेजारी बसणारी मेक्सिकोहून आलेली मुलगी दिवसा हॉटेलात काम करून यायची, ती दुसऱ्या सत्राला दिसलीच नाही. पाया माझा आधीच पक्का होता, मला फक्त डाइम माहीत नव्हता.

माझं एकटीचं उदाहरण पुरावा नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून हे बघा. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधलं कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आणि एमडीआरसी या संशोधन संस्थांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सात कम्युनिटी कॉलेजांत सुमारे १३,००० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीसारखं फक्त टेस्टच्या गुणांवरून वर्ग दिला. दुसऱ्या गटाचे हायस्कूलचे गुण आणि शाळा सोडून किती वर्षं झाली तेही टेस्टच्या जोडीला धरलं. या नव्या हिशेबाने काही मुलं वरच्या वर्गात गेली, काही खाली आली. २०२० साली निष्कर्ष छापले. जी मुलं वर गेली, त्यांनी तीन सत्रांत कॉलेज पातळीचा विषय पूर्ण करण्याचं प्रमाण ८ ते १० टक्केबिंदूंनी वाढलं. जी खाली आली, त्यांचं साधारण तेवढंच घटलं.

हे नीट वाचा, कारण मेसेजमधल्या सल्ल्याची परीक्षा इथे झालेली आहे. खालच्या वर्गाने पाया पक्का होत असता, तर खाली आलेली मुलं थोडी उशिरा का होईना, पुढे निघायला हवी होती. ती मागे पडली. तुलना सारख्याच मुलांची होती, फरक होता तो फक्त कोणत्या वर्गात बसवलं याचा.

असं का होतं, याला मोठं शास्त्र लागत नाही. पोळपाटावर बोटाने हिशेब करून मी जाऊला दाखवला. समज, शंभर जणींना तीन पायऱ्या खाली बसवलं. आकडे मी धरलेले आहेत आणि तेही उदार: प्रत्येक वर्गात ७० टक्के पास होतात आणि पास झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या सत्राला नाव घालतात. पहिल्या वर्गातून ७० पास, पुढे ५६ येतात. त्यातल्या ३९ पास, पुढे ३१. त्यातल्या २२ पास, पुढे १८. आणि खरा, पदवीला धरला जाणारा वर्ग पास होतात बारा-तेरा. उरलेल्या सगळ्या नापास झाल्या असंही नाही. कोणाचं बाळंतपण आलं, कोणाच्या नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी गेली, कोणाची कामाची पाळी रात्रीची झाली. प्रत्येक सत्राच्या शेवटी एक दार असतं आणि त्यातून माणसं बाहेर पडतात. तुम्ही त्यांच्या वाटेत तीन दारं जास्तीची बसवता आणि त्याला पाया म्हणता.

जीपीए चढतो म्हणे. त्या खालच्या वर्गांचे गुण पदवीला मोजत नाहीत. कम्युनिटी कॉलेजातून पुढे विद्यापीठात जायचं, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया त्या बदलीच्या अर्जात जीपीए काढते तो फक्त तिथे मान्य असलेल्या विषयांचा, अंकगणिताच्या वर्गातला ए ग्रेड त्यात येतच नाही. पैसे मात्र पूर्ण लागतात. ज्यांच्या मुलांना सरकारी मदत मिळते त्यांनी हेही जाणून घ्यावं, की केंद्र सरकारची मदत अशा वर्गांना जास्तीत जास्त ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच चालते आणि पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्राचं अनुदान, आयुष्यभरात बारा सत्रांचं. त्यातली सत्रं आठवीचं बीजगणित पुन्हा करण्यात घालवायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मेसेजमध्ये थोडं खरं आहे, ते मान्य करते. तयारी करून जा, हे बरोबर. टेक्सासमध्ये टीएसआय या तिथल्या प्लेसमेंट टेस्टचा आकडा आजही खरंच महत्त्वाचा आहे, तिथे उजळणी न करता बसू नये. पण त्यासाठी क्लास लागत नाही. ॲक्युप्लेसरचा सराव कॉलेज बोर्ड फुकट देतं. दुसरं म्हणजे, ज्याला बीजगणित खरोखर आठवत नाही त्याला थेट कॅल्क्युलसमध्ये ढकलणंही चूक आहे. त्यावरून कॅलिफोर्नियातले गणिताचे प्राध्यापक भांडले आहेत आणि त्यांचं सगळंच म्हणणं मला टाकाऊ वाटत नाही. पण त्यावरचा उपाय तीन पायऱ्या खाली जाणं हा नाही. त्याच सत्रात मुख्य वर्गाच्या जोडीला मदतीचा वर्ग घेता येतो, त्याला इथे कोरिक्विझिट म्हणतात. विसरलेलं आठवतं आणि सत्रही वाया जात नाही.

‘टेस्ट एकदाच’ हेही खरं नाही. पुन्हा देण्याचा नियम कॉलेजागणिक वेगळा असतो, तो कॉलेजला विचारावा. आणि टेस्ट सगळीकडे सक्तीची नाही. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांतून अलीकडे शिकून आलेल्या बहुतेक मुलांना ती ऐच्छिक केली.

राहिला आपल्या दहावी-बारावीचा प्रश्न, ज्यावर जाऊचा धीर सुटला होता. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. इथे एबी ७०५ नावाचा कायदा २०१७ साली झाला आणि २०१९ च्या फॉल सत्रापासून (शरद ऋतूतल्या) सगळ्या कम्युनिटी कॉलेजांना तो पाळावा लागला. इंग्रजी आणि गणिताचा वर्ग ठरवताना हायस्कूलचे विषय, तिथली ग्रेड आणि जीपीए धरायचे. आणि वरच्या वर्गात यश मिळण्याची शक्यता फारच कमी आहे असं दिसल्याशिवाय कोणाला खालच्या वर्गात पाठवायचं नाही, असं तो कायदा म्हणतो. ज्याचं हायस्कूलचं रेकॉर्ड मिळवणं अवघड आहे, त्याने स्वतः सांगितलेली माहिती धरायला किंवा मार्गदर्शन घेऊन त्यालाच वर्ग निवडू द्यायला कॉलेजला मुभा आहे. २०२२ च्या एबी १७०५ ने हे आणखी आवळलं. म्हणजे जाऊला ज्या टेस्टची धास्ती होती, ती तिला द्यावी लागणारच नव्हती. तिला एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता.

तो आम्ही रविवारी रात्रीच उघडला. पहिल्याच पानावर ती अडली. ‘हायस्कूलमध्ये अल्जेब्रा टू केलं होतं का?’ म्हणाली, "आमच्याकडे असं काही नव्हतंच, ताई." मी विचारलं, दहावीला गणिताचे पेपर किती होते? दोन, बीजगणित आणि भूमिती. बीजगणितात काय होतं? ती बोटं मोजत सांगत गेली: दोन चलांची समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी. इथल्या अल्जेब्रा वन आणि टूचा बराचसा भाग तोच आहे, फक्त आपल्याकडे त्याला ‘दहावीचं गणित’ म्हणतात. सरळ ‘नाही’ वर टिचकी मारली असती, तर ती स्वतःच्या हाताने खाली गेली असती. आपल्या कितीतरी बायका अशाच जातात, आणि वर असे मेसेज त्यांना सांगतात की तीच त्यांची जागा.

गुण आठवेनात म्हणून तिने नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिच्या आईने कपाटातून गुणपत्रिका काढून फोटो पाठवला, लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची रेघ उमटलेली. बीजगणित आणि भूमिती मिळून १५० पैकी ११८. तिच्या अकाउंटिंगच्या कोर्सला कॅल्क्युलस लागत नव्हतंच. तिने कॉलेज पातळीचं संख्याशास्त्र घेतलं आणि जोडीला मदतीचा वर्ग. इंग्रजीचं ती अजून समुपदेशकाशी बोलणार आहे, कारण तिथे तिला स्वतःला खात्री नाही, आणि ते विचारून ठरवणं योग्यच आहे.

मेसेज अजून ग्रुपवर आहे. ज्यांनी टाकला त्यांना मी वेगळं लिहिलं आहे, की तो काढा, आणि ज्यांना पाठवला त्यांना सांगा की काढला.