चार बंद पाकिटं

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काल पुन्हा व्हिडिओ आला: सिंधू लिपी अखेर वाचली! वर्षभरातला हा चौथा असावा. दर वेळी भाषा वेगळी, वाचणारा वेगळा, आत्मविश्वास मात्र तोच.

असं काही आलं की मला १८५७ आठवतं. आपलं सत्तावन्न नव्हे, लंडनमधलं. तेव्हा अश्शूरच्या (आजच्या उत्तर इराकातल्या प्राचीन राज्याच्या) उत्खननांतून कोरलेल्या मातीच्या पाट्या ढिगांनी निघत होत्या आणि दोन-चार जण सांगत होते, आम्हाला ही कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांची, लिपी वाचता येते. लोकांचा विश्वास बसेना. का बसावा? एकाच चिन्हाचे अनेक उच्चार. म्हणजे सोयीचा तो घ्या!

मग फॉक्स टॅल्बटने (हो, फोटोग्राफीवालाच) पहिल्या तिग्लथ-पिलेसर राजाच्या लेखाचं भाषांतर केलं आणि पाकीट सीलबंद करून रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठवलं. इतरांकडूनही करून घ्या आणि ताडून बघा, म्हणाला. रॉलिन्सन, आयरिश पाद्री हिंक्स आणि पॅरिसचा ऑपर्ट तयार झाले. लेख सुमारे ८०० ओळींचा. हिंक्सला वेळ अपुरा पडला, त्याने काही भागच दिला. २५ मे रोजी पंचांनी पाकिटं ताडून पाहिली. (मेरठ-दिल्ली पेटून पंधरवडा झाला होता, लंडनला पत्ताही नव्हता.) टॅल्बट आणि ऑपर्ट जागोजागी वेगळे निघाले, पण गाभा चौघांचा एकच. रॉलिन्सन-हिंक्स तर सर्वांत जवळ.

हा रॉलिन्सन १८२७ साली कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबईला उतरलेला पोरगा. पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्यावरचा, इराणी सम्राट दारियसचा त्रिभाषिक लेख त्याने उतरवला. त्यातला बाबिली भाग त्याच्याही आवाक्याबाहेर होता. १८४७ मध्ये एक कुर्दी मुलगा तिथे लटकत गेला आणि ओल्या कागदावर ठसे घेऊन आला. त्या मुलाचं नाव रॉलिन्सनने लिहून ठेवलं नाही. हे मला अजून खटकतं.

सिंधूचं प्रकरण अवघड आहे, मान्य. लेखात सरासरी पाचेक चिन्हं, द्विभाषिक लेख एकही नाही. एवढ्याशा मजकुरावर तुम्ही संस्कृत बसवा, तमिळ बसवा, बसतंच. तमिळनाडू सरकारने २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, लावू द्या. माझी मागणी स्वस्तातली आहे: आपली पद्धत कागदावर लिहून द्या, ती वापरून दोन अनोळखी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत त्याच सिंधू मुद्रा (लेख कोरलेले शिक्के) वाचू द्या, मग पाकिटं उघडू.

ग्रुपवर एवढंच लिहिलं. मामांनी उत्तरादाखल पाचवा व्हिडिओ पाठवलाय.