आला परत पूल!

शिडाची होडी म्हटलं की घरच्यांना वाटतं, आम्ही वाऱ्यावर मजेत तरंगतोय. कसलं काय! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने नॉरफोकहून मायामीकडे, अटलांटिकच्या आतल्या अंगाने कालव्या-नद्यांतून उतरायचं म्हणजे शिडं गुंडाळलेली आणि दिवसभर डिझेलची घरघर.

आणि ते पूल! उंच पक्के पूल बहुतेक 65 फुटांचे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. (पाणी चढलेलं असलं की डोलकाठीवरची अँटेना घासते आणि जीव टांगणीला लागतो, ते सोडा.) खरा छळ उघडझाप करणाऱ्या बुटक्या पुलांचा. एक उघडणार तासाच्या ठोक्याला, पुढचा अर्ध्या तासाने. काही तर ऑफिसला जायच्या-यायच्या वेळी उघडतच नाहीत, कारण वरून गाड्या जायच्यात. आमचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आकडेमोड करत, इंजिन रेटत पोचावं, तर तीन मिनिटं उशीर! रेडिओवर, चॅनेल 13 वर, पूल उघडणाऱ्याकडे गयावया केली की गोड आवाजात उत्तर येतं, ‘पुढच्या वेळी, कॅप्टन.’

मग काय, त्या अरुंद पाण्यात गोल गोल फिरा. वारा ढकलतोय, प्रवाह पुलाकडे ओढतोय, मागे आणखी सहा होड्या. तेवढ्यात कुणी धनदांडगा मोटरबोट भरधाव काढतो. त्याला उंचीची अडचण नाही, तो पुलाखालून पसार. त्याच्या लाटेने आमचा चहा थेट बिछान्यावर.

नोव्हेंबरात पाचला अंधारतं. आज अजून दोन पूल बाकी आहेत.